तोंड न उघडता तोंडी परीक्षा

मार्च 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला होता. पुढच्या वर्षी राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले. निकाल थेट 77.10 टक्क्यांवर आला. मग व्हायचा तो गदारोळ झाला. आमच्या मुलांची अकरावी हुकली, केंद्रीय बोर्डाची मुलं पुढे गेली, अन्याय झाला. ऑगस्ट 2019 मध्ये सरकारने ते 20 गुण परत दिले आणि 2020 चा निकाल लागला 95.30 टक्के. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता, 2020 ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हे सगळं मी हिशोबात धरते. तरीही त्या 20 गुणांचा खरा उपयोग काय होता, हे त्या दोन वर्षांनी उघडं पाडलं.

भाषेतले हे 20 गुण कशासाठी असतात? मुलाला ऐकलेलं कळतं का आणि मनातलं बोलता येतं का, हे पाहण्यासाठी. दहावीच्या सगळ्या भाषा परीक्षेत मूल तोंड उघडून बोलतं का हे तपासणारी ही एकच जागा. आणि नेमकी तीच जागा आपण खिरापतीला दिली. सरकारने गुण परत दिले, पण ते खरोखर तपासून द्या, असं कुणीही म्हणालं नाही. ना मंडळ, ना संस्थाचालक, ना पालक. सगळ्यांना गुण हवे होते. बोलणं कुणालाच नको होतं.

मी नालासोपारा पूर्वेला संध्याकाळी जर्मन शिकवते. माझ्याकडे नर्सिंग झालेल्या मुली येतात, आयटीआय केलेली मुलं येतात, बारावी होऊन परदेशी शिकायला जायची स्वप्नं बघणारी येतात. त्यात दर वर्षी काही मुलं अशी असतात, ज्यांनी शाळेत नाहीतर ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच घेतलेलं असतं. मला कामापुरतं फ्रेंच येतं. मागे एक मुलगा आला, फ्रेंचमध्ये शंभरपैकी 92. मी त्याला फ्रेंचमध्ये विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस? तो माझ्याकडे बघत राहिला. प्रश्न दोनदा, सावकाश विचारला. मग त्याने एक दम घेतला आणि 'माझं कुटुंब' हा परिच्छेद धडाधड म्हणून दाखवला. त्यात त्याला एक मोठा भाऊ होता, एक कुत्रा होता, घराभोवती बाग होती. हा मुलगा आई-वडिलांना एकटा, आचोळ्याला वन रूम किचनमध्ये राहणारा. स्वतःच्या घराबद्दल खरं वाक्य बोलायला त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गाइडमधला भाऊ, गाइडमधला कुत्रा, आणि पेपरात 92.

त्या पोराचा यात काडीचा दोष नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने चोख केलं. दोष त्या व्यवस्थेचा, जिने परकी भाषा 'स्कोरिंग सब्जेक्ट' म्हणून विकायला काढली. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या तोंडी हाच शब्द असतो. मराठीला हात आखडता, फ्रेंचला सढळ, म्हणून फ्रेंच घ्या. तेही नको असेल तर दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घ्या, मंडळाने तशी सोय करून ठेवलेलीच आहे. भाषेच्या जागी संगणक! ज्यांनी हा पर्याय काढला त्यांच्या लेखी भाषा म्हणजे गुणपत्रिकेतला एक रकाना, त्यात काहीही भरलं तरी चालतं. मराठीचंही तेच केलं. 2020 मध्ये सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, केवढा गाजावाजा झाला. 2023 मध्ये सरकारनेच आदेश काढून इतर मंडळांच्या शाळांना सवलत दिली, की काही वर्षं मराठीला फक्त श्रेणी द्या, एकूण गुणांत धरू नका. गुणांत न धरलेला विषय आपल्या शाळांत किती मन लावून शिकवतात, हे शिक्षण खात्याला मी सांगायची गरज नाही.

आता जरा आपल्या तालुक्याकडे बघा. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती. या 12 लाखांत किती भाषा घरात बोलल्या जातात? पश्चिमेला गास, भुईगाव, गिरीज, नाळे, निर्मळ या गावांत कादोडी. ती सामवेदी ख्रिस्ती कुपारीही बोलतात आणि सामवेदी ब्राह्मणही. आगाशीपासून वर केळवे-माहीमपर्यंत वाडवळी. अर्नाळ्याला, पाचूबंदरला कोळ्यांची बोली, किनाऱ्याने वर गेलं की मांगेली. पूर्वेला पारोळ, भाताणे, उसगावकडे वारली. नालासोपाऱ्यात माझ्या एकाच बॅचला भोजपुरी, मालवणी, गुजराती आणि मल्याळम घरी बोलणारी मुलं बसतात. यातलं जवळपास प्रत्येक मूल शाळेत पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या तोंडात एक भाषा पक्की असते आणि दुसरी अर्धी. चाळीत, बाजारात, लोकलच्या डब्यात ती मुलं एका भाषेतून दुसरीत सहज जातात. द्विभाषिक होण्यासाठी युरोप-अमेरिकेतले पालक ज्या वातावरणासाठी पैसे मोजतात, ते आमच्या गल्लीत फुकट आहे.

आणि शाळा त्या मुलांचं काय करते? माझ्या शेजारच्या मुलाच्या डायरीत बाईंनी लाल शाईने लिहून पाठवलं होतं, पाल्याशी घरी इंग्रजीतच बोलावे. त्या घरात आजीला फक्त कादोडी आणि मराठी येते. आईने शेरा मनावर घेतला. पोराला आजीजवळ जास्त बसू देईना, बसला तर मध्येच हाक मारून बोलावून घ्यायची. मुलाचं इंग्रजी त्याने सुधारलं नाही, कारण आईचं स्वतःचं इंग्रजी दहा-वीस वाक्यांचं. त्या घराने हातची भाषा घालवली आणि तिच्या बदल्यात काहीही मिळवलं नाही. ज्या बाईंनी तो शेरा लिहिला त्यांना जाब विचारायला हवा. लहानपणी घरची भाषा भक्कम असली की पुढची भाषा लवकर धरते, हे भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, निदान असायला हवं. बोलीमुळे प्रमाण भाषा बिघडते म्हणणाऱ्यांनी नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे बघावं. घरात एक मराठी आणि पुस्तकात दुसरी, अशा या पट्ट्यातला हा माणूस गावच्या शाळेत शिकला, त्याने बायबल सुबोध मराठीत आणलं आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

वसईचा आणखी एक मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जन्म 1556-57 च्या सुमारास. गोन्सालो गार्सिया. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, म्हणजे आजची मुलं दहावी-अकरावीत असतात त्या वयात, तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. तिथल्या माणसांत राहून जपानी शिकला, पुढे व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. 1593 मध्ये फिलिपिन्समधून पेद्रो बाप्तिस्ता यांचं शिष्टमंडळ जपानला गेलं, तेव्हा दुभाषा म्हणून कुणाला नेलं? या वसईच्या पोराला. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर दोन बाजूंचं बोलणं वाहून नेण्याचं काम त्याने केलं. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. 1862 मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत.

वसईत त्याच्या नावाने चर्च आहे, कॉलेज आहे, किल्ल्यातल्या चर्चच्या भिंतींनाही लोक त्याच्याच नावाने ओळखतात. त्याचा सण आपण मनापासून करतो. मला एवढंच विचारायचं आहे, की त्याने जे केलं त्याची आठवण कोण ठेवतो? तो शहीद झाला ते सगळ्यांना माहीत. त्याआधी तो दुभाषा होता. परक्या देशात जाऊन, कान उघडे ठेवून, चुका करत त्याने एक अवघड भाषा इतकी आत्मसात केली, की राजदूताने त्याच्यावर विसंबून राजदरबारात पाय ठेवला. चारशे वर्षांपूर्वी वसईचा मुलगा हे करू शकला. आज त्याच मातीतल्या मुलाला शाळा सांगते, तुला झेपायचं नाही, तू आधी इंग्रजीचं बघ.

इंग्रजीचंच बघू. महाराष्ट्रात जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मराठी शाळेतलं मूल दहावी होईपर्यंत दहा वर्षं रोज इंग्रजीच्या तासाला बसलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितली की घाबरतात. दहा वर्षं! पहिली ते दहावी बाकावर बसवून ज्या व्यवस्थेला एक भाषा बोलायला शिकवता आली नाही, तिने मुलांची कुवत काढू नये.

आणि मराठी मुलाला परकी भाषा जड जाते, हे मुळातच खोटं आहे. अर्नाळ्याची एक मुलगी माझ्याकडे होती. इंग्रजी कच्चं, त्यामुळे मान खाली. जर्मन नामाला तीन लिंगं, देअर, दी, दास, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलांना महिनोन्महिने डोकेदुखी होतं, कारण इंग्रजीत ते नाहीच आणि हिंदी-फ्रेंचमध्ये दोनच. या मुलीला मी सांगितलं, तो, ती, ते. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. प्रत्येक नामाचं लिंग पाठ करावं लागतं ते लागतंच, पण वस्तूला लिंग का असावं हा प्रश्न तिला पडला नाही. विभक्ती आली तेव्हा मी फळ्यावर आई, आईला, आईचं असं लिहिलं आणि शेजारी जर्मन रूपं मांडली. तिने वहीत दोन रकाने केले आणि बाकीची स्वतः भरली. मग वाक्यरचना. 'वाइल इश फीबर हाबे', कारण मला ताप आहे. जर्मनमध्ये 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. इंग्रजी डोक्यात धरून शिकणारा इथे हमखास अडखळतो. ही मुलगी अडखळली नाही, कारण तिच्या मराठीतही 'आहे' शेवटीच येतं. तू आणि तुम्ही यांतला फरक तर तिला जन्मापासून माहीत. जपानीत तर क्रियापद शेवटीच, नामामागे लागणारे प्रत्यय आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे, आणि मानाची भाषा वेगळी. मराठीतून जपानी शिकवलं तर निम्मं व्याकरण समजावावंच लागत नाही. पण आपल्याकडे जगातली कुठलीही भाषा इंग्रजीच्या दारातूनच आत यायला हवी असा हट्ट. पुस्तक इंग्रजीत, शिक्षकाचं समजावणं इंग्रजीत, प्रश्नपत्रिकेतल्या सूचना इंग्रजीत. मराठी शाळेतल्या मुलाला तिथेच बाहेर काढलं जातं, आणि वर म्हणायचं की या मुलांना आवड नाही.

2025 मध्ये महाराष्ट्रात तिसऱ्या भाषेवरून केवढं रण माजलं. 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय, 17 जूनला सुधारित निर्णय, 29 जूनला दोन्ही रद्द, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादणं चूक होतं आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला हे उत्तम झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या सुधारित निर्णयातली एक अट वाचून माझा संताप झाला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 मुलं हवीत, तरच शिक्षक, नाहीतर ऑनलाइन. सहा वर्षांच्या मुलाने पडद्याकडे बघून भाषा शिकायची! ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आयुष्यात कधी लहान मुलाला बोलायला शिकताना पाहिलं नसावं. आणि रस्त्यावर उतरलेल्यांपैकी, दोन्ही बाजूंच्या, कुणीही विचारलं नाही, की आठवी ते बारावीत, जेव्हा मुलाला खरोखर एखादी जगातली भाषा झेपते आणि हवीही असते, तेव्हा आपण त्याला काय देतो? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषा उपलब्ध करून दिल्या जातील. कुठे आहेत? ज्या शाळांची फी परवडते तिथे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीतल्या मुलीला जपानी शिकता येईल का, असं विचारणाऱ्याला पालघरमध्ये वेड्यात काढतील. वसई-विरारची महापालिका 2009 मध्ये झाली आणि पुढे कित्येक वर्षं तिची स्वतःची एकही शाळा नव्हती, शहरातल्या शाळा जिल्हा परिषदच चालवत राहिली. जिथे शाळा कुणाची यावरच घोडं अडतं तिथे जपानीचं कोण बघणार?

मग ही मुलं काय करतात? विरारहून चर्चगेटला जातात, 60 किलोमीटर. परकी भाषा शिकवणाऱ्या नावाजलेल्या संस्था दक्षिण मुंबईत. गर्दीच्या वेळी विरार लोकलला लोंबकळत जायचं, तिथे दोन तास शिकायचं, पुन्हा परत. मुलगी असेल तर घरातून परवानगी मिळतेच असं नाही. ज्यांना ते जमत नाही ती 'तीन महिन्यांत जर्मन' अशा पाट्या लावणाऱ्या क्लासांच्या तावडीत सापडतात. 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला 10,000 कुशल तरुण पाठवायचे. परिचारिका, चालक, इलेक्ट्रिशियन. पहिली अट काय? जर्मन. म्हणजे ज्या भाषेसाठी शाळेत जागा नाही, पैसा नाही, शिक्षक नाही, तीच बावीस-चोवीस वर्षांच्या, कर्ज काढलेल्या, नोकरी धुंडाळणाऱ्या मुलांना घाईघाईने पाजायची. हे आठवीत करता आलं असतं.

वेळ कुठे आहे, असं मुख्याध्यापक विचारतात. हिशोब करू. आठवड्याला चार तासिका, तासिका 35 मिनिटांची, वर्षाला कामाचे 35 आठवडे. साधारण 80 तास होतात. आठवी, नववी, दहावी मिळून 240. एवढ्या तासांत नीट शिकवलं तर मूल युरोपीय मोजपट्टीच्या ए-2 पातळीपर्यंत पोहोचतं. म्हणजे दुकानात, दवाखान्यात, रस्त्यावर त्याचं अडत नाही, स्वतःबद्दल आणि घराबद्दल बोलता येतं, साधं पत्र लिहिता येतं. पुढची बी-1, बी-2 मग अकरावी-बारावीत नाहीतर नंतर. तास आहेत. ते आज गाइडमधली उत्तरं उतरवून घेण्यात जातात.

आधी मराठी नीट येऊ द्या, असं म्हणणारे मला आपले वाटतात, पण त्यांचं चुकतं आहे. परकी भाषा मराठीतून शिकवा, मुलाला स्वतःच्या भाषेचं व्याकरण पहिल्यांदा डोळ्यासमोर दिसेल. अर्नाळ्याच्या त्या मुलीला विभक्ती म्हणजे काय हे जर्मन शिकताना कळलं, मराठीच्या तासाला नाही. गोव्यात 1579 मध्ये आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकला आणि 1616 मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून आलं. परक्याची भाषा मन लावून शिकणाऱ्या माणसाने मराठीला दिलं, तिचं काही नेलं नाही. मोबाइल भाषांतर करतो, मग शिकायचं कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा आजारी, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी उभं राहून मोबाइलमध्ये बोलून दाखवावं.

मला काय हवं ते सांगते. दहावीच्या भाषा विषयांची तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी आणि तिचं ध्वनिमुद्रण मंडळाकडे जमा व्हावं. ज्या शाळेत मुद्रण नाही त्या शाळेचे ते 20 गुण शून्य धरावेत. निकाल पडला तर पडू द्या. 2019 सारखी ओरड होईल, तेव्हा सरकारने कणा दाखवावा. प्रश्न आधी ठरलेले नकोत, परिच्छेद पाठ म्हणायला लावणाऱ्या परीक्षकाला पुढच्या वर्षी बोलावू नये.

आणि शिक्षक नाहीत हे रडगाणं थांबवा. या तालुक्यात जहाजावर आयुष्य काढून परतलेली माणसं आहेत. कुवेत, बहरीनला वीस-वीस वर्षं राहून अरबी कानात मुरलेली माणसं आहेत. परदेशी रुग्णालयांत नोकरी करून आलेल्या परिचारिका आहेत. त्यांच्याकडे बी.एड. नाही म्हणून शाळा त्यांना दारात उभं करत नाही, आणि बी.एड. असलेल्याला ती भाषा बोलता येत नाही. त्यांना तासिका तत्त्वावर घ्या, आधी दोन महिने शिकवायचं कसं ते शिकवा, मानधन वेळेवर द्या. जिल्हा परिषदेने जून महिन्यात पश्चिम पट्ट्यातली एक आणि पूर्वेकडच्या वारली पाड्यांलगतची एक अशा दोन शाळा निवडाव्यात, आठवीच्या वर्गात एक भाषा सुरू करावी, मराठीतून. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला परीक्षक म्हणून बोलवा. मी एक पैसा घेणार नाही. प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारीन, आज सकाळी काय खाल्लंस, आणि खरं उत्तर ऐकल्याशिवाय सहीचा कागद हातात घेणार नाही.